हौसेचे अचाट गेमिंग पीसी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेलाने भरलेल्या फिश टँकमध्ये बुडवलेला मदरबोर्ड, टेबलाच्या काचेखाली अंथरलेला पीसी, गॅलरीत टांगलेला नऊ पंख्यांचा रेडिएटर. असलं काही घरात दिसलं की येणारा-जाणारा साधारण तेच ते विचारतो. काही प्रश्न कुतूहलापोटी, काही काळजीपोटी, काही सरळ टोमणे. तिन्ही प्रकार इथे घेतले आहेत.

पण याचा उपयोग काय?

काही नाही.

व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक झकास चालावं एवढंच हवं असेल, तर आठ कोरचा रायझन ७ ९८००एक्स३डी प्रोसेसर, खिशाला झेपेल ते ग्राफिक्स कार्ड, पुढून जाळी असलेलं कॅबिनेट आणि बऱ्यापैकी एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) घ्या. झालं काम. त्यापुढचा एकेक रुपया हौसेचा. हे एकदा स्वतःशी कबूल केलं की पुढचे बरेच वाद होतच नाहीत. घोटाळा होतो तो हौसेला गरजेचं सोंग चढवल्यावर : ‘वॉटर कूलिंगने एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) वाढतात’, ‘एवढी रॅम पुढे लागेलच’, ‘ऑफिसचं कामही होईल त्यावर’. वॉटर कूलिंगने वाढणारा वेग खेळताना जाणवतही नाही. दीड दिवसाच्या गणपतीसाठी माणसं महिनाभर पुठ्ठे कापत बसतात, तेव्हा आरास कशासाठी असं कुणी विचारत नाही. इथेही विचारू नये.

सुरुवात कुठून करायची?

कोणतं वेड करायचं हे ठरवण्यापासून. एकच. कूलिंगचं वेड, आकाराचं वेड, ‘अजिबात आवाज नको’ हे वेड, ‘एका खोक्यात दोन पीसी’ हे वेड. यातलं एक निवडा आणि बाकी सगळं अगदी सरळसोट, कंटाळवाणं ठेवा.

यामागे तत्त्वज्ञान नाही, दुरुस्तीची सोय आहे. समजा, लाकडी कॅबिनेट स्वतः बनवलं, त्यात पाणी फिरवणाऱ्या नळ्यांचा लूप घातला, ग्राफिक्स कार्ड बोर्डापासून दूर, लांब रायझर केबलवर उभं केलं आणि एसएमपीएसच्या केबलीही रंगीत करून घेतल्या. बटण दाबलं, पडदा काळाच. आता दोष कुठला? रायझर, केबल, प्रोसेसरवरचा पाण्याचा ब्लॉक घट्ट आवळताना दबलेला बोर्ड, की अर्थिंग? चार ठिकाणी शोधायचं आणि प्रत्येक वेळी पाणी काढायचं. एकच वेड असेल तर संशयितही एकच असतो. म्हणूनच पीसी आधी साध्या कूलरवर, टेबलावर उघडाच मांडून आठवडाभर चालवून बघावा. सगळं धडधाकट आहे याची खात्री पटली की मग काय तो अवतार द्या.

हे खूळ कधीपासूनचं?

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातलं. तेव्हा कॅबिनेट म्हणजे मळकट पांढरा पत्र्याचा डबा. अमेरिकेत आणि युरोपात पोरं आपापले पीसी उचलून एका हॉलमध्ये जमायची आणि केबलने जोडून क्वेक हा गेम खेळायची. अशा शंभर डब्यांत आपला वेगळा दिसावा म्हणून कुणी बाजूला खिडकी कापली, आत निळी ट्यूब लावली. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर, बसचा (बाकी भागांशी जोडणाऱ्या मार्गाचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झ केला की ३०० चा ४५० मेगाहर्ट्‌झला पळायचा. फुकटात दीडपट वेग! त्यामुळे ‘आणखी काय काय करता येईल’ ही खाज सगळीकडे पसरली. पुढे कंपन्यांनीच खिडक्या लावलेली कॅबिनेटं आणली. २००९ मध्ये थर्मलटेकने बीएमडब्ल्यूच्या डिझाइन शाखेबरोबर लेव्हल १० नावाचं कॅबिनेट काढलं, ज्यात प्रत्येक भागाची वेगळी पेटी एका उभ्या फळीला टांगलेली होती. आज काचेची भिंत नसलेलं गेमिंग कॅबिनेट शोधावं लागतं, म्हणजे बंडखोरी आता उलट्या बाजूला गेली आहे. साधा बंद डबा आणि आत भुताटकी, हा प्रकार मला जास्त आवडतो.

दोन ग्राफिक्स कार्डं लावली तर दुप्पट वेग मिळेल ना?

नाही. पूर्वीही क्वचितच मिळायचा, आता तर बहुतेक गेम दुसऱ्या कार्डाकडे ढुंकूनही बघत नाहीत.

थ्रीडीएफएक्स कंपनीने १९९८ मध्ये व्हूडू२ कार्डांची जोडी लावायची सोय दिली, नाव एसएलआय. एक कार्ड पडद्यावरच्या सम ओळी रंगवायचं, दुसरं विषम. कंपनी बुडाली, तिची मालमत्ता एनव्हिडियाने घेतली आणि २००४ मध्ये एसएलआय हेच नाव नव्या अर्थाने बाजारात आणलं. या वेळी बहुतेकदा एक फ्रेम एका कार्डाने करायची, पुढची दुसऱ्याने. एफपीएसचा आकडा वाढायचा, पण दोन फ्रेममधलं अंतर सारखं राहायचं नाही. आकडा ८० दाखवतोय आणि चित्र मात्र अडखळतंय, असा अनुभव तेव्हाच्या लोकांनी भरपूर घेतला. पुढे गेम आधीच्या फ्रेममधली माहिती पुढच्या फ्रेमसाठी वापरू लागले, तशी ही वाटणी आणखी अवघड झाली. डायरेक्टएक्स १२ (विंडोजवरचे गेम ज्यातून ग्राफिक्स कार्डाशी बोलतात ते सॉफ्टवेअर) आल्यावर दोन कार्डं सांभाळायची जबाबदारी गेम बनवणाऱ्यांवर आली आणि त्यांनी ती बहुतांशी घेतलीच नाही. आरटीएक्स ३०९० आणि ३०९० टीआय ही दोन कार्डं जोडणाऱ्या पट्टीची जागा असलेली शेवटची गेमिंग कार्डं. २०२२ च्या ४०९० मध्ये ती जागाच गायब होती.

एक पळवाट आहे. लॉसलेस स्केलिंग नावाचं छोटं सॉफ्टवेअर मधल्या कृत्रिम फ्रेम तयार करायचं काम दुसऱ्या कार्डावर टाकू शकतं. त्यासाठी जुनं, स्वस्त कार्डही चालतं. दोन कार्डांचा पीसी करायचाच असेल तर आजच्या घडीला हे निमित्त त्यातल्या त्यात बरं आहे. नुसतं शोभेसाठी लावायचं असेल तर बंद पडलेलं कार्ड लावा. वीजही खाणार नाही.

एकाच पीसीवर सात जण खेळतात ते खरं आहे का?

खरं आहे. कॅनडातल्या लायनस सेबॅस्टियन या यूट्यूबवाल्याच्या चमूने जानेवारी २०१६ मध्ये दोन झिऑन प्रोसेसर आणि सात रेडिऑन आर९ नॅनो कार्डं एका मदरबोर्डवर बसवून सात जणांना एकाच वेळी खेळवलं. खर्च साधारण ३० हजार डॉलर. सात वेगळे पीसी त्याहून कितीतरी स्वस्तात आले असते, हे त्यांनाही माहीत होतं.

युक्ती व्हर्च्युअल मशीनची आहे. एक मूळ सिस्टीम प्रत्येक खेळाडूला थोडे कोर, थोडी रॅम आणि एक अख्खं ग्राफिक्स कार्ड वाटून देते. त्या त्या विंडोजला वाटतं की आपण स्वतंत्र पीसीवर आहोत. घरी दोघा भावंडांसाठी हे जमू शकतं. मात्र व्हॅलोरंटचं अँटी-चीट (चिटिंग पकडणारं सॉफ्टवेअर) व्हर्च्युअल मशीनमध्ये गेम सुरूच होऊ देत नाही, आणि भावंडांना नेमकं तेच खेळायचं असतं.

६४ कोरचा प्रोसेसर घेतला तर?

टास्क मॅनेजरमध्ये चौकोनांची रांगोळी छान दिसेल. गेममध्ये आठ कोरचा एक्स३डी त्याला मागे टाकेल.

पाण्याचा लूप नेमका कसा चालतो? विजेच्या वस्तूत पाणी म्हणजे भीती वाटते.

भीती रास्त आहे, पण ती पाण्याची नको, घाईची असू द्या.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर तांब्याचे ब्लॉक बसतात. ब्लॉकच्या पोटात केसासारख्या बारीक खाचा असतात. पंप त्यातून पाणी ढकलतो, पाणी उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये जातं, तिथे पंखे ती हवेत सोडतात. पाण्याची उष्णता वाहून नेण्याची ताकद दांडगी. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल आणि ५०० वॉट उष्णता त्यात पडत असेल, तर पाणी एका फेरीत जेमतेम सात अंशांनी तापतं. म्हणजे मोठमोठ्या पंपांची गरजच नसते. अडतं ते रेडिएटरवर. आरटीएक्स ५०९० एकटं ५७५ वॉट खातं. त्यात प्रोसेसर धरला की सव्वासातशे. एवढ्याला १२० मिलिमीटरच्या सहा पंख्यांइतका रेडिएटर लागतो, शांतता हवी असेल तर नऊ पंख्यांचा.

खरी मजा आणि खरा घाम कडक नळ्या वाकवण्यात आहे. नळी पीईटीजीची किंवा ॲक्रिलिकची. पीईटीजी ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडते, ॲक्रिलिकला शंभरच्या वर जावं लागतं. आधी नळीच्या आत सिलिकॉनची जाड दोरी सरकवायची. ती नसेल तर वळणावर नळी चपटी होते. हीट गनपासून हातभर नाही, पण वीतभर तरी दूर धरून नळी सारखी फिरवत राहायची. एका जागी थांबलात की प्लॅस्टिकच्या आत बुडबुडे येतात आणि तो तुकडा गेला. नळी आपल्याच वजनाने झुकू लागली की ती तयार झाली. मग वाकवायची, हलायचं नाही, गार होईपर्यंत धरून बसायचं. त्या अर्ध्या मिनिटात फोन हमखास वाजतो.

कापलेल्या टोकाची धार घासून काढली नाही, तर फिटिंगच्या आतली रबरी रिंग कापली जाते, आणि गळती बहुतेकदा तिथूनच होते. गळतीची तपासणी करताना पीसी सुरू करायचा नसतो. एसएमपीएसच्या मोठ्या कनेक्टरमधली स्टार्टची पिन ग्राउंडला जोडणारा छोटा जंपर मिळतो, तो लावून फक्त पंप चालवायचा. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवायचा. रात्रभर चालू द्यायचं. सकाळी एक जरी कागद ओला असेल तर तो जोड उघडायचा.

रंगाबद्दल : दुधाळ, चमचमते कूलंट फोटोत देखणे दिसतात आणि काही महिन्यांत त्यातला रंग ब्लॉकच्या खाचांमध्ये गाळासारखा बसतो. डिस्टिल्ड वॉटर, त्यात शेवाळ आणि गंज रोखणारं द्रव्य, आणि रंग हवाच असेल तर रंगीत नळी. बाटलीबंद प्यायचं पाणी चालत नाही, त्यात क्षार असतात.

नागपूरच्या उन्हाळ्यात पाण्याचा काय उपयोग?

पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. बाहेर ४५ आणि खोलीत ३८ अंश असतील, तर पाणी ४८ च्या आसपास जाणार. प्रोसेसरला ते सहज चालतं. पंख्यांचा आवाज मात्र वाढतो, आणि पाणी साठच्या वर जाऊ लागलं तर पंप आणि पीईटीजीच्या नळ्यांसाठी ते बरं नाही. डेझर्ट कूलरसमोर पीसी ठेवायचा मोह टाळा. त्या दमट हवेबरोबर टाकीतल्या पाण्याचे शिंतोडे आणि क्षारांची भुकटीही येते.

मग मुंबईत चिलर किंवा पेल्टियर (वीज दिली की एका बाजूने गार होणारी चकती) लावून हवेपेक्षा थंड करू का?

मुंबईत जुलै महिन्यात दवबिंदू २५ अंशांच्या घरात असतो. म्हणजे २५ पेक्षा थंड झालेल्या कुठल्याही पृष्ठभागाला घाम फुटणार. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला फुटतो तोच, पण प्रोसेसरच्या सॉकेटभोवती. इंटेलने २०२० मध्ये क्रायो कूलिंग म्हणून पेल्टियरवर चालणारा प्रकार आणला होता. त्यात दवबिंदूचा हिशेब ठेवून थंडावा आवरणारं सॉफ्टवेअर होतं. पुढे तोही बंद केला. शिवाय पेल्टियर स्वतःच शे-दोनशे वॉट खातो आणि ती उष्णताही शेवटी त्याच रेडिएटरवर येते. कोकणपट्टीत हा प्रयोग करू नका. देशावर हिवाळ्यात करायचा तर करा, पण तेव्हा त्याची गरज कुणाला आहे?

रेडिएटर गॅलरीत ठेवला तर?

माझ्या मते हौसेच्या पीसीतला हा सगळ्यात शहाणा वेडेपणा. मोठा, नऊ पंख्यांचा रेडिएटर बाहेर, पीसी आत. भिंतीतून स्प्लिट एसीच्या पाइपांसाठी पाडतात तसं भोक, त्यातून दोन मऊ नळ्या. उष्णता खोलीबाहेर जाते आणि पंख्यांचा आवाजही. भिंतीजवळ पटकन सुटणारे जोड लावले की सफाईसाठी रेडिएटर काढता येतो.

अडचणी तीन : पाऊस, धूळ आणि कबुतरं. पहिल्यासाठी वरून झाप लागते, दुसऱ्यासाठी पंख्यांपुढे जाळी. तिसऱ्यावर सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभांत बरीच वर्षं चर्चा चालू आहे.

मुळात ही कल्पना नवी नाही. वर उल्लेख केलेल्या कॅनडाच्या मंडळींनी २०१५ मध्ये अख्ख्या खोलीतल्या पीसींना एकच सामायिक पाण्याचा लूप जोडला होता, आणि नंतर घरच्या पोहण्याच्या तलावात पीसीची उष्णता सोडली.

आजीचं तांब्याचं घंगाळ पाण्याची टाकी म्हणून वापरता येईल?

येईल, आणि दिसेल फार सुंदर. ब्लॉक तांब्याचे, रेडिएटरच्या नळ्या तांब्या-पितळेच्या, तेव्हा घंगाळाशी त्यांचं जमतं. पितळेचा हंडाही चालेल. ॲल्युमिनिअम किंवा हिंडालियमचं भांडं मात्र नको. एकाच पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनिअम आलं की बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनिअम झिजत जातं. स्वस्तातला ॲल्युमिनिअमचा रेडिएटर घेऊ नका म्हणतात ते यासाठीच.

वर झाकण हवं, नाहीतर वाफेने पाणी कमी होतं आणि धूळ पडते. ॲक्रिलिकची गोल चकती कापून घ्या. परतीची नळी पाण्याच्या पातळीखाली बुडालेली ठेवा, म्हणजे पंप थांबल्यावर लूपमध्ये हवा शिरून वरचं सगळं पाणी घंगाळात उतरणार नाही. पंप घंगाळाच्या खाली. भोक पाडायचं की नाही हे आजीला विचारून ठरवा. विचारायची हिंमत नसेल तर नळी वरून आत सोडा आणि बुडणारा पंप वापरा.

तेलात बुडवलेला पीसी खरंच चालतो?

चालतो. खनिज तेल वीज वाहून नेत नाही आणि हवेच्या पाचपट चांगली उष्णता वाहून नेतं. अमेरिकेतली प्युजेट सिस्टीम्स ही कंपनी एके काळी अशा फिश टँकचं किटच विकायची. आपल्याकडे लाइट लिक्विड पॅराफिन रसायनांच्या घाऊक दुकानात मिळतं.

लोकांना वाटतं की तेल म्हणजे कूलिंग आलं. तेल फक्त उष्णता साठवतं. पहिले काही तास सगळं छान थंड, मग टाकी हळूहळू तापत जाते आणि तापलेलीच राहते. ते तेल पंपाने बाहेर काढून रेडिएटरमधून फिरवावंच लागतं. हार्ड डिस्क आत बुडवायची नाही, तिला हवेचं छिद्र असतं. एसएसडी चालते. तेल केबलींच्या आतून वर चढतं आणि कीबोर्डपर्यंत पोचतं. म्हणून टाकीबाहेर जाणाऱ्या केबली आधी वर नेऊन मग खाली सोडतात, तरी थोडं तेल गळतंच. केबलींचं प्लॅस्टिक काही महिन्यांत कडक होतं, रबरी भाग फुगतात. चाळीस लिटर तेलाचं वजन ३४ किलोच्या आसपास, वर काच. ते टेबल कोणतं आहे ते बघा.

आणि एकदा बुडवलेलं कार्ड पुन्हा पूर्ण कोरडं होत नाही. म्हणून हा प्रकार जुन्या पीसीवरच करावा.

खोबरेल तेल चालेल का?

खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी तुमचा पीसी साबणाच्या वडीत अडकलेला असेल, आणि बटण दाबल्यावर पंखे फिरणारच नाहीत. शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं थिजणार नाही, पण खवट होईल. घरभर जुन्या तळणाचा वास येईल.

लिक्विड नायट्रोजन?

उणे १९६ अंश. याच्या जोरावर २०२२ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरने ८.८ गिगाहर्ट्‌झचा टप्पा ओलांडला. ते काही क्षणांचे विक्रम असतात. प्रोसेसरवरच्या तांब्याच्या भांड्यात माणूस थर्मासमधून सारखं ओतत उभा असतो. गेम खेळायला हात कुठे मोकळे?

मिळायला हे अवघड नाही. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी गावोगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत नायट्रोजनचे डबे असतात. पण एक लिटर द्रवाचा जवळजवळ सातशे लिटर वायू होतो, आणि बंद खोलीत तो प्राणवायूची जागा घेतो. वास येत नाही, गुदमरल्यासारखंही वाटत नाही, माणूस सरळ खाली पडतो. घरात करू नका.

वीज किती लागते? सॉकेट पुरेल का?

सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. घरातलं लहान सॉकेट ६ अँपिअरचं असतं, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे १,३८० वॉट. त्याच एक्स्टेंशन बोर्डावर दोन मॉनिटर, स्पीकर आणि चार्जर असतील तर तुम्ही काठावर आहात. हजार वॉटच्या वरच्या पीसीला गीझर-एसीचं १६ अँपिअरचं सॉकेट द्या, मधे बोर्ड नको.

अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या चाळींत आणि वाड्यांत तीन पिनचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या पिनमागे बऱ्याचदा काहीच नसतं. कॅबिनेटला उघडा हात लागला की झिणझिण्या येतात, त्या यामुळेच. एसएमपीएसच्या फिल्टरमधून पत्र्यावर येणारा अगदी थोडा करंट जायला जागाच नसते. लाकडी कॅबिनेट केलं तरी आतल्या धातूच्या प्लेटी अर्थला जोडलेल्या हव्यात.

नव्या कार्डांच्या १६ पिनी कनेक्टरबद्दल : ५७५ वॉट म्हणजे १२ व्होल्टला ४८ अँपिअर, आणि ते फक्त सहा तारांमधून. २०२२ पासून हे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी येत आल्या आहेत. रंगीत विणलेल्या केबली बाकी सगळीकडे लावा, इथे एसएमपीएसबरोबर आलेलीच वापरा, पूर्ण आत बसली आहे हे डोळ्यांनी बघा आणि कनेक्टरच्या मुळाशी वाकवू नका.

बिल? खेळताना भिंतीतून हजार वॉट ओढले जात असतील तर तासाला एक युनिट. रोज पाच तास खेळलात तर महिन्याला दीडशे युनिट, वरच्या स्लॅबमध्ये दीड-दोन हजार रुपये. वर ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत पडते. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर फेकू शकतो, त्यातला पाव हिस्सा तुमचा पीसीच खाऊन टाकतो.

लाइट गेली तर पाणी सांडेल का?

नाही. पीसी आणि पंप एकदमच बंद पडतात. पाणी आहे तिथेच राहतं. पाचशे-सहाशे रुपये वाचवायला घेतलेला ६०० व्हीएचा यूपीएस मात्र हा भार पेलणार नाही, लाइट गेली की तोही टूं करून मान टाकेल.

रंगीत दिवे किती लावावेत?

तुमची मर्जी. फक्त एक लक्षात ठेवा : प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठेवता येणारी एआरजीबी पट्टी ५ व्होल्टची, तीन पिनांची. जुनी आरजीबी १२ व्होल्टची, चार पिनांची. मदरबोर्डवर दोन्ही जागा शेजारीशेजारी असतात. ५ व्होल्टची पट्टी जोर लावून १२ वर बसवली की ती क्षणभर लखलखते, मग कायमची विझते.

काचेचं कॅबिनेट उघडताना काय काळजी घ्यायची?

काच फरशीवर टेकवायची नाही. टफन्ड काच मधोमध ठोसा सहन करते, पण तिच्या कोपऱ्याला टाइलची कड जरा जरी लागली तरी क्षणात हजार तुकडे होतात. आपल्या घरांत सगळीकडे टाइल्सच असतात. काढलेली काच गादीवर आडवी ठेवा. आणि गाडीतून पीसी न्यायचा असेल तर ग्राफिक्स कार्ड आधी काढा. दोन-अडीच किलोचं कार्ड एका स्लॉटवर लटकलेलं असतं, एखादा स्पीडब्रेकर पुरतो.

कंपन्या असले वेडे प्रकार करतात का?

आपल्याहून जास्त. २०१७ मध्ये एसरने प्रिडेटर २१ एक्स काढला. लॅपटॉप म्हणायचा, वजन ८.८ किलो, २१ इंची वक्र पडदा, आत दोन जीटीएक्स १०८०, किंमत ८,९९९ डॉलर. मांडीवर घेऊन दाखवावा! ओरिजिन पीसीने २०१९ मध्ये ‘बिग ओ’ या एकाच कॅबिनेटमध्ये पीसी, एक्सबॉक्स, प्लेस्टेशन आणि स्विच कोंबले. कूलर मास्टरने बुटाच्या आणि शार्कच्या आकाराचे पीसी विकायला काढले, आणि २०२० च्या अखेरीस केएफसीबरोबर एक यंत्र जाहीर केलं ज्यात पीसीच्या उष्णतेवर चिकन गरम ठेवायचा कप्पा होता. थ्रीडीएफएक्सचं व्हूडू५ ६००० हे माझं सर्वांत आवडतं. एका कार्डावर चार चिप, आणि वीज मदरबोर्डला पुरवता येईना म्हणून भिंतीत लावायचा वेगळा अडॅप्टर. ते कधी बाजारात आलंच नाही.

सुटे भाग कुठे मिळतात?

प्रोसेसर, कार्ड, रॅम वगैरे मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन. दुकानात जाण्याचा फायदा म्हणजे कॅबिनेटचा पत्रा दाबून बघता येतो. पाण्याचे ब्लॉक आणि फिटिंग मोजके विक्रेते ठेवतात, आणि तुमच्या कार्डाच्या नेमक्या मॉडेलचा ब्लॉक बहुतेकदा मागवावा लागतो. म्हणून आधी ब्लॉक मिळतो का ते बघा, मग कार्ड निवडा. अमेरिकेतल्या भाच्याला आणायला सांगणार असाल तर लक्षात घ्या, कार्डांची वॉरंटी अनेकदा त्या देशापुरतीच असते. पत्रा, लाकूड, ॲक्रिलिक यांसाठी मात्र आपल्या गल्लीतला फॅब्रिकेटर आणि सुतार उत्तम. फक्त माप मिलिमीटरमध्ये लिहून द्या, आणि ते पुन्हा एकदा वाचून घ्या म्हणावं.

घरच्यांना काय सांगायचं?

खरा आकडा. कुरिअरवाल्याकडून कळण्यापेक्षा बरा.

पुढे विकता येतो का?

अख्खा अवतार कुणी घेत नाही. प्रोसेसर, रॅम, एसएसडी सुटे सहज जातात. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव इतके चढले आहेत की तिथे तोटाही होणार नाही. वाकवलेल्या नळ्या शून्य रुपयांच्या. फिटिंग, पंप, रेडिएटर पुढच्या पीसीला वापरायचे. कार्डावरचा ब्लॉक त्याच मॉडेलला बसतो, म्हणून कार्ड विकताना तो काढून मूळ कूलर पुन्हा चढवावा लागतो. तेव्हा कार्ड उघडलं त्याच दिवशी मूळ कूलर, त्याचे सगळे स्क्रू एका पिशवीत, आणि कार्डाचा खोका, हे तिन्ही एकत्र बांधून माळ्यावर ठेवा. थर्मल पॅड (चिप आणि कूलरमधल्या मऊ पट्ट्या) मात्र नवे घ्यावे लागतील. त्यांची जाडी किती होती ते खोक्यावरच लिहून ठेवा.